रॉकेल, कॉस्टिक आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन

दुचाकीचे किंवा फवारणी पंपाचे इंजिन घरच्या अंगणात उघडून साफ करणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी, कुठेही जा, रस्त्याच्या कडेला एखादे लहानसे गॅरेज असते आणि तिथे शाळा सुटल्यावर हाताखाली काम शिकणारा एखादा मुलगा आपल्याच वर्गातला असतो. त्याला तीन गोष्टी पक्क्या ठाऊक असतात. रॉकेलने ग्रीस निघते, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकलेले लोखंड स्वच्छ होते आणि ॲसिडने गंज जातो. रसायनशास्त्राच्या पुस्तकात जे प्रकरण त्याला कंटाळवाणे वाटते, त्यातले निम्मे तो रोज हाताने करीत असतो.

त्याची तिन्ही वाक्ये खरी आहेत, पण अपुरी आहेत. कॉस्टिकच्या डब्यात रात्री ठेवलेला पिस्टन सकाळी काळा पडलेला आणि खड्डे पडलेला निघतो, याचा उलगडा त्या वाक्यांतून होत नाही. डब्यावरचे झाकण रात्रीतून का उडाले हेही कळत नाही. ही माहिती बहुधा उस्तादाकडून चेल्याकडे तोंडी आलेली असते. ती तयार झाली तेव्हा इंजिने बहुतांशी बिडाची होती. पिठाच्या गिरणीचे किंवा विहिरीवरचे जुने संथ चालणारे ऑइल इंजिन आठवून पाहा. त्याचा ब्लॉक बिडाचा, हेड बिडाचे, चाक बिडाचे. आजच्या मोटारसायकलचा ब्लॉक, हेड, पिस्टन आणि क्रँक केस ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. कृती जुनीच राहिली आणि धातू मात्र बदलला. घरगुती साफसफाईतले बरेच अपघात या फरकातून होतात, म्हणून शिक्षकांनी तो नीट समजून घ्यावा असा आहे.

दोन तऱ्हेची तेले

इंजिनाच्या भागावर जो काळा ओशट थर बसतो त्यात तेल, ग्रीस, धूळ, धातूचा कीस आणि काजळी असे सगळेच असते. यांतल्या तेलाचा विचार आधी करू.

तेल म्हटले की दोन अगदी वेगळे पदार्थ डोळ्यांपुढे यायला हवेत. घाणीतून निघते ते शेंगदाण्याचे, जवसाचे, करडईचे, एरंडीचे तेल. त्याच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. हा जोड एस्टर प्रकारचा असतो. दुसरे तेल जमिनीतून निघते. रॉकेल, डिझेल आणि इंजिन ऑइल हे नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्यांचे बनलेले असतात. त्यांत एस्टरचा जोड नाही.

हा फरक वर्ध्यात एका वेगळ्या निमित्ताने कसाला लागला होता. १९३४ साली इथल्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. तेलघाणी, हातकागद, साबण अशा धंद्यांबरोबर तिथे 'मगन दीप' नावाचा एक कंदील तयार करण्यात आला. बाहेरून येणाऱ्या रॉकेलऐवजी गावातल्या घाणीचे तेल त्यात जाळायचे, हा हेतू. अडचण अशी की रॉकेल पातळ असल्यामुळे वातीतून भराभर वर चढते, घाणीचे तेल दाट असल्यामुळे चढत नाही. म्हणून अशा तेलासाठी कंदिलाची रचनाच निराळी करावी लागते. दिव्याच्या बाबतीत घाणीचे तेल मागे पडले. साबणाच्या बाबतीत मात्र उलटे आहे. घाणीच्या तेलाचा साबण होतो, रॉकेलचा कितीही खटपट केली तरी होत नाही.

साबण होतो तो त्या एस्टरच्या जोडामुळे. अल्कलीच्या गरम द्रावणात हा जोड तुटतो, ग्लिसरॉल सुटे होते आणि मेदाम्लाचा सोडियम क्षार उरतो. तोच साबण. सज्जी मातीतल्या खारापासून साबण करण्याची आपली जुनी रीत याच क्रियेवर चालते. लोणारच्या सरोवरातला खार एके काळी गोळा करून विकला जाई, तोही मुख्यतः सोडियम कार्बोनेटचाच.

आता गॅरेजमधल्या प्रश्नाकडे येऊ. स्वयंपाकघरातल्या धूर ओढणाऱ्या पंख्यावर किंवा तेलघाणीच्या दातेरी चाकावर बसलेला पिवळसर चिकट थर खाद्यतेलाचा असतो. जवसाचे, सोयाबीनचे तेल तर हवेतला ऑक्सिजन घेऊन वार्निशासारखे घट्ट होते. हा थर रॉकेलने पुसता पुसत नाही, पण गरम सोड्याच्या पाण्यात सुटतो, कारण थर घट्ट झाला तरी एस्टरचे जोड त्यात असतातच. इंजिन ऑइलला मात्र सोडा काही करू शकत नाही. पूर्वी बैलगाडीच्या आखाला एरंडेलासारख्या तेलाचे वंगण घालीत, ते सोड्याने निघाले असते. आज त्याच आखाला खनिज ग्रीस लावले तर निघणार नाही.

गंमत अशी की एरंडेल ग्रीसमधून पुरते गेलेले नाही. बाजारातले नेहमीचे ग्रीस म्हणजे खनिज तेल आणि त्याला घट्टपणा आणणारा लिथियमचा साबण. हा साबण ज्या मेदाम्लापासून करतात ते एरंडेलापासूनच मिळते. स्पंजात पाणी राहावे तसे साबणाच्या बारीक तंतूंच्या जाळ्यात तेल धरून ठेवलेले असते. साबण लावला की वंगण धुऊन जाते असे शिकवताना वंगणातच साबण असतो हे मुलांना सांगून पाहा, वर्ग जागा होतो.

मग कॉस्टिकच्या गरम पाण्यात बिडाचा काळाकुट्ट ब्लॉक स्वच्छ होतो तो कसा? इंजिन ऑइल तापून तापून जुने झाले की त्याचा काही भाग ऑक्सिडीकरणाने आम्लधर्मी होतो. अल्कली या आम्लांचा साबण करते आणि हा साबण उरलेल्या तेलाला थेंबांच्या रूपात पाण्यात उचलून धरतो. उष्णतेने तेल पातळ होते, जुना रंगही सुटतो. कारखान्यांतल्या धुण्याच्या टाक्यांत कॉस्टिकबरोबर डिटर्जंटही मिसळलेले असतात. थोडक्यात, तेल काढण्याचे श्रेय एकट्या कॉस्टिकचे नाही.

वर्गात हे दाखवायचे तर एका परीक्षानळीत दोन मिलिलिटर खोबरेल तेल घ्यावे आणि दुसरीत तेवढेच लिक्विड पॅराफिन. हे औषधाच्या दुकानात मिळते आणि ते शुद्ध खनिज तेल असते. इंजिन ऑइल घेऊ नये, त्यात मुळातच डिटर्जंट मिसळलेले असल्यामुळे निकालात घोळ होतो. दोन्ही नळ्यांत थोडे कॉस्टिकचे द्रावण व थोडे स्पिरिट घालून त्या गरम पाण्याच्या भांड्यात वीसेक मिनिटे ठेवाव्यात. स्पिरिट पेटते, म्हणून पाणी आधी तापवून स्टोव्ह विझवावा. नंतर प्रत्येकीतला थोडा द्रव साध्या पाण्यात हलवला तर एकीत फेस येतो, दुसरीत तेल वर तरंगते. कॉस्टिक शिक्षकांनीच हाताळावे आणि डोळ्यांवर चष्मा हवा.

रॉकेल, पेट्रोल आणि संत्र्याची साल

खनिज तेल काढायचे तर त्याच्याच जातीचा द्रव हवा. रॉकेल आणि इंजिन ऑइल दोन्ही कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या. रॉकेलच्या आखूड, ऑइलच्या लांब. म्हणून एक दुसऱ्यात सहज मिसळते. यात कुठलाच रेणू तुटत नाही, तेल फक्त पातळ होऊन निघून येते. भाग रॉकेलमधून काढल्यावर त्याचा पातळ थर उरतो. तो साबणाच्या पावडरीने आणि गरम पाण्याने धुवावा लागतो. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलात आणि दुसरे पाण्यात राहते, त्यामुळे तेल पाण्याबरोबर निघते. आधी रॉकेल, मग साबण, मग पाणी हा गॅरेजमधला क्रम शास्त्राला धरून आहे. आधी पाणी टाकले तर ते ग्रीसवरून घरंगळून जाते.

रेशनवरचे निळे रॉकेल अलीकडे मिळेनासे झाले, तसा पेट्रोलचा वापर वाढला. ही चिंतेची बाब आहे. ज्या तापमानाला द्रवावरची वाफ ठिणगीने भडकते त्याला आपण भडका-तापमान म्हणू. पेट्रोलचे हे तापमान शून्याच्या खाली सुमारे ४० अंश आहे. म्हणजे आपल्याकडे वर्षभरात असा एकही क्षण नाही की उघड्या पेट्रोलची वाफ भडकू शकणार नाही. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत जाते आणि दहा हात दूरच्या चुलीशी पोचू शकते. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझिन थोडे का होईना असते आणि ते कर्करोगकारक आहे. त्यात रोज हात बुडवणे कोणत्याही मुलाला शिकवू नये.

रॉकेल तुलनेने बरे, पण वर्ध्यात त्यालाही एक अट आहे. भारतीय मानकाप्रमाणे रॉकेलचे भडका-तापमान किमान ३५ अंश सेल्सियस असावे लागते. थंड मुलखात एवढे पुरते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमधले रॉकेलचे घमेले तेव्हा या मर्यादेच्या बरेच वर असते आणि त्यावरची वाफ हिवाळ्यातल्यासारखी निरुपद्रवी नसते. उन्हाळ्यात हे काम सकाळी, मोकळ्या हवेत आणि विडी-काडीपासून दूर करण्याचे कारण हे. डिझेलचे भडका-तापमान प्रत्यक्षात बहुधा रॉकेलपेक्षा वर असते. ते जरा चिकट असल्यामुळे काम हळू होते, एवढाच तोटा.

द्रावकांच्या यादीत आपल्या भागाचा एक पदार्थ आहे. कारंजा, आष्टी, आर्वीकडच्या संत्र्यांच्या सालीत जे सुवासिक तेल असते त्यात बहुतांश लिमोनीन नावाचे हायड्रोकार्बन असते. ते ग्रीस विरघळवते, म्हणून परदेशात आणि आता आपल्याकडेही काही औद्योगिक क्लीनरमध्ये वापरले जाते. फुगवलेल्या फुग्यावर संत्र्याची साल पिळली की तो पुष्कळदा फुटतो, कारण लिमोनीन रबरात शिरते. थर्माकोलवर पिळली तर खळगे पडतात. मेणबत्तीजवळ पिळली तर ठिणग्या उडतात, म्हणजे हेही ज्वालाग्राही आहे. नैसर्गिक म्हणून ते निरुपद्रवी समजू नये. हवेत जुने झालेले लिमोनीन काहींच्या त्वचेवर पुरळ आणते. एका सालीत ते थेंबभर असते, त्यामुळे पिस्टन धुण्याइतके घरी जमवण्याचा खटाटोप मला तरी व्यर्थ वाटतो. फुग्याचा प्रयोग मात्र जरूर करावा.

रबर द्रावकात काय करते ते रात्रभरातही पाहता येते. साधे रबरबँड मोजून रॉकेलच्या बाटलीत ठेवा. सकाळी ते लांबीने आणि जाडीने वाढलेले दिसते. इंजिनातले ऑइल सील वेगळ्या, तेलाला टिकणाऱ्या रबराचे असतात. रॉकेल त्यांना चालते, पण रंगवाल्याच्या थिनरने तेही फुगतात. म्हणून कार्बोरेटर थिनरमध्ये टाकण्यापूर्वी त्यातली सगळी रबरे काढून घेतात. क्लच प्लेट, ब्रेक शू आणि दोन्ही बाजूंनी बंद असलेले बेअरिंग कुठल्याच द्रावकात बुडवू नये. बंद बेअरिंगमध्ये द्रावक शिरून आतले ग्रीस पातळ करतो आणि ते पुन्हा भरता येत नाही.

कारखान्यांत एके काळी न पेटणारे क्लोरीनयुक्त द्रावक फार लोकप्रिय होते. त्यांपैकी काही ओझोनच्या थराला घातक ठरून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर बंद होत गेले. ट्रायक्लोरोएथिलीनला २०१२ साली कर्करोगकारक ठरवण्यात आले. घरी त्यांचा विचारही नको.

कॉस्टिक आणि ॲल्युमिनियम

ॲल्युमिनियम हा खरे तर फार क्रियाशील धातू. हवेत तो टिकतो तो पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या थरामुळे. हा थर मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाइतका पातळ असतो, पण पाण्याला आणि हवेला दाद देत नाही. मात्र हे ऑक्साइड उभयधर्मी आहे. ते आम्लातही विरघळते आणि अल्कलीतही. कॉस्टिकचे द्रावण आधी हे चिलखत खाते, मग उघड्या पडलेल्या धातूवर क्रिया सुरू होते. सोडियम ॲल्युमिनेट तयार होते आणि हायड्रोजन बाहेर पडतो. या क्रियेत उष्णता निर्माण होते, उष्णतेने क्रिया आणखी जोरात चालते.

किती हायड्रोजन? ॲल्युमिनियमच्या २७ ग्रॅमपासून दीड मोल, म्हणजे एका ग्रॅमपासून सव्वा लिटरहून अधिक. पिस्टनवरून नुसते दहा ग्रॅम धातू गेला तरी बारा-तेरा लिटर ज्वालाग्राही वायू होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात त्याला जागा नसते. झाकण उडते, आणि त्याबरोबर कॉस्टिकचे गरम तुषार. डोळ्यात गेलेली अल्कली आम्लापेक्षा वाईट, कारण ती डोळ्यातल्या मेदाचाही साबण करीत खोलवर जाते. असे झाले तर औषध शोधत न बसता लगेच स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा निदान वीस मिनिटे धुवायचा आणि मग दवाखाना गाठायचा.

जस्तही असेच उभयधर्मी आहे. बऱ्याच कार्बोरेटरची अंगे जस्ताच्या मिश्रधातूची असतात. आणि ज्या बादलीत आपण कॉस्टिक कालवतो तिच्यावरही जस्ताचा मुलामा असतो! लोखंडी भाग स्वच्छ होतो आणि बादली बुडबुडे सोडू लागते, ते यामुळे. कॉस्टिकसाठी जाड प्लॅस्टिकचे भांडे वापरावे, कॉस्टिक पाण्यात थोडे थोडे टाकावे. कॉस्टिकवर पाणी ओतले तर ते उकळून अंगावर उडते.

ही क्रिया वर्गात नखाएवढ्या फॉइलने दाखवता येते. सौम्य कॉस्टिकच्या द्रावणात तुकडा टाकला की काही वेळ काहीच होत नाही. मुले विचारतात, सर, काही होतच नाही. तो वेळ ऑक्साइडच्या थराचा. मग बुडबुडे येतात, नळी कोमट लागते, तुकडा नाहीसा होतो.

कुठला भाग कशाचा हे ओळखायला चुंबक पुरतो. चिकटला तर लोखंड किंवा बीड, नाही चिकटला तर कॉस्टिकपासून दूर ठेवायचा. फक्त चुंबक एकाच जागी लावून भागत नाही. कित्येक दुचाकींचा ब्लॉक बाहेरून ॲल्युमिनियमचा आणि आतली नळी बिडाची असते, पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि त्याच्या रिंगा बिडाच्या. असे दोन धातू एकमेकांना लागून खारट किंवा अल्कली पाण्यात राहिले तर ॲल्युमिनियम आणखी लवकर झिजते. अशा भागांना रॉकेल, मग साबणाचे कोमट पाणी आणि प्लॅस्टिकचा ब्रश, यापुढे जाऊ नये. धुण्याच्या सोड्याचे कढत पाणीही ॲल्युमिनियमला काळपट करते.

पिस्टनच्या माथ्यावर बसलेला काळा टणक थर कशातच विरघळत नाही, कारण तो बव्हंशी कार्बन आहे. द्रावकाने त्यातला डिंकासारखा भाग मऊ होतो, एवढेच. उरलेला लाकडाच्या किंवा बांबूच्या चपट्या काडीने खरवडावा, स्क्रू-ड्रायव्हरने नव्हे.

गंज, पांढरी भुकटी आणि फवारणीचा पंप

गंजासाठी आम्ल लागते. आधी ग्रीस काढलेले नसेल तर आम्ल लोखंडापर्यंत पोचतच नाही, म्हणून गंज नेहमी नंतर. किराणा दुकानातले लिंबूसत्व लिटरभर पाण्यात पन्नासेक ग्रॅम घालून त्यात भाग काही तास ठेवला तर गंज सुटतो. चिंचेच्या कोळानेही हेच होते, तांब्या-पितळेची भांडी घासणाऱ्यांना ते सांगायला नको. संडास धुण्याचे ॲसिड काम झटपट करते, पण गंजाबरोबर लोखंडही खाते, त्याच्या वाफेने आसपासची हत्यारे गंजतात आणि कडक पोलादाच्या स्प्रिंगा त्यातल्या हायड्रोजनने ठिसूळ होतात. ते ब्लीचिंग पावडरशी कधीही येऊ देऊ नये, क्लोरीन वायू सुटतो. आम्लातून काढलेला भाग सोड्याच्या पाण्यात बुचकळून, कोरडा करून लगेच तेलाचा हात द्यावा. पावसाळ्यात तासाभरात पुन्हा तांबूस झाक येते.

२०२५ पर्यंत देशभरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत आले. इथेनॉल पाणी धरते. हंगामानंतर पेट्रोलसकट ठेवून दिलेल्या पंपाच्या कार्बोरेटरमध्ये पांढरी भुकटी दिसते ती झिजलेल्या धातूच्या संयुगांची. रॉकेलने ती जाणार नाही, कारण ते तेल नाही. लिंबूसत्वाचे सौम्य द्रावण पाच-दहा मिनिटे पुरते, त्याहून जास्त ठेवले तर धातूही जातो. पंप ठेवण्यापूर्वी टाकी रिकामी केली तर ही वेळच येत नाही.

फवारणी पंपाबद्दल आणखी एक. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. पंपाच्या इंजिनावरच्या ओशट थरात कीटकनाशक मुरलेले असते. पुष्कळ कीटकनाशके तेलात विरघळणारी असतात आणि रॉकेल त्वचेवरचा मेद काढून टाकते. म्हणजे असा पंप थेट रॉकेलने उघड्या हातांनी धुणे म्हणजे विष कातडीवर चोळणेच. आधी हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने बाहेरून दोनदा धुवावा, मग खोलावा. हे धुण्याचे पाणी विहिरीपासून आणि गुरांच्या टाक्यापासून लांब असावे.

हात काळे झाले तर रॉकेलऐवजी आधी थोडे खोबरेल तेल चोळावे. तेही ग्रीसला पातळ करते आणि पुढे साबणाने निघते. कातडी फुटत नाही.

उरलेले रॉकेल झाकणाच्या डब्यात दोन दिवस स्थिर ठेवले की गाळ खाली बसतो, वरचे पुन्हा वापरता येते. ते कधीही शीतपेयाच्या बाटलीत भरू नये. लहान मूल तहानेने ती तोंडाला लावते, रॉकेल फुप्फुसात उतरते. अशा वेळी उलटी करवायची नाही, त्याने आणखी रॉकेल श्वासनलिकेत जाते, थेट दवाखान्यात न्यायचे. तळाचा काळा गाळ आणि जुने ऑइल धाम-वणेला मिळणाऱ्या नाल्यात सोडू नये. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडते. मोठी गॅरेजे ते पिंपात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना विकतात. घरचे लिटर-दोन लिटर अशाच एखाद्या गॅरेजच्या पिंपात नेऊन ओतता येते.